डावी नाकपुडी

मी नाकात औषधाचे थेंब सोडणारी काचेची नळी बोलतेय. डोक्यावर रबरी फुगा, खाली बारीक टोक, एवढाच माझा थाट. भिलाईचा पोलाद कारखाना नवा होता, तेव्हा औषधाच्या बाटलीबरोबर मी सेक्टर दोनमधल्या देवरावांच्या क्वार्टरमध्ये आले. भंडाऱ्याकडचा शेतकरी माणूस, दगडी कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर नुकताच लागलेला, सर्दीनं बेजार.

काय लाड झाले माझे! दोन थेंब सोडले की नाक मोकळं. देवराव मला खिशात घालून ड्यूटीवर नेत. सर्दी गेली, मी मात्र राहिले. बाटली संपली की दुर्गच्या दुकानातून दुसरी येई. पुढं पुढं तासाभरातच नाक पुन्हा चोंदू लागलं. जेवणाची चव गेली, झोप गेली.

शेवटी ते बायकोला म्हणाले, "अंजना, इथची धूळ मले मानवून नाही राहिली. नोकरी सोडतो, गावाले जाऊ."

अंजनाबाईंचा जीव खाली-वर झाला. घरात नळ, पोरीला शाळा, हे सगळं सोडायचं? त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या वच्छला सिस्टर नागपूरच्या, तोंडानं फटकळ.

"चार दिवसांचं औषध इतके महिने? जास्त घातलं तर हेच नाक बंद करते. दोष धुळीचा का थेंबांचा, पाहूनच घेऊ. उजवीत घाला, डावीत थेंबही नको. धूळ तर दोन्हीत सारखीच जाते ना?"

अंजनाबाईंनी मला डाळीच्या डब्यात लपवलं. देवराव नाक मुठीत धरून मागत, "डावीत एकच थेंब दे वं!"

"उजवीसाठी मांगा, देतो."

मला त्यांची फार दया येई.

पंधरवडा गेला. एका सकाळी चहा पिता पिता देवराव थांबले. उजवी नाकपुडी बोटानं दाबून त्यांनी श्वास घेतला.

"मोहाच्या फुलांचा वास येऊन राहिला. मोह पडून राहिला का वं बाहेर?"

"आठ दिस झाले," अंजनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. गावी जायचं नाव मग कुणी काढलं नाही. उजवीचेही थेंब बंद झाले.

आता माझं रबर कडक झालंय, मी कपाटात पडून असते. देवरावांच्या त्या खिशाची आठवण अजून येते. तुमचं नाक चोंदलं तर आम्हाला जरूर बोलवा. पण सांगितलेले दिवस भरले की हात धरून बाहेर काढा. आपण होऊन उठणारी आमची जात नाही.