समोरच्याचे डोळे

“बघ, बघ! स्टिअरिंग फिरवलं की दिवापण वळतो!” बंद कारखान्याच्या भिंतीवर उजेड डावीउजवीकडे नाचवत बाबा ओरडले. जन्मभर बस चालवलेला हा माणूस आज अगदी पोर झाला होता.

लेकीने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. तिची जुनी, तीही विजेवरचीच, आता बाबांना मिळायची होती. पण अंधारात समोरून उजेड आला की बाबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत, म्हणून दिवेलागणीनंतर गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. आई नर्स. तिची दुपारपाळी अंधार पडल्यावर सुटे. आपण साऱ्या गावाला घरी पोचवलं आणि आपली बायको मात्र दुसऱ्याच्या बसमध्ये उभी, हे बाबांना फार लागे. तिला आणायला जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. नव्या दिव्यांनी डोळे दिपत नाहीत असं कुठूनसं कानावर आलं, आणि त्यांची झोपच उडाली.

“आधी जुनी आण,” नव्या गाडीत बसून त्यांनी फर्मावलं.

रिकाम्या रस्त्याच्या टोकाकडून लेक आली. समोर बाबांची गाडी आहे हे जुन्या दिव्याने आपणहून ओळखलं, पण उशिरा, आणि मग सगळाच उजेड एकदम खाली टाकला. तोवर काजवे चमकून गेले होते.

“मलापण पुढचं काही दिसेना!” लेक म्हणाली.

“चल, अदलाबदल.”

आता नवी आली. झाडं, भिंत, कडेचे दगड, सगळं लख्ख. फक्त बाबांच्या गाडीभोवती अंधाराचा मऊ तुकडा. डोळ्यांना काही म्हणजे काही झालं नाही. बाबा उडी मारूनच बाहेर आले.

“नुसता माझ्यापुरता अंधार! पोरी, जिंकलो! जुनी तूच ठेव, मला ही दे. आत्ताच आणतो तुझ्या आईला!”

लेकही हरखली होती. जुनीला कुलूप लावून ती त्यांच्या शेजारी बसली.

हमरस्त्यावर समोरून ट्रक आला. नव्या गाडीने अदबीने त्याच्यापुरता अंधार केला. ट्रकने तसं काही केलं नाही. त्याचा सगळा झोत बाबांच्या डोळ्यांत आला. जुन्या सवयीने त्यांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“हा दिवा समोरच्याचे डोळे जपतो गं,” ते म्हणाले. “माझे नाही.”

“माझ्याही डोक्यात आलं नाही, बाबा.”

“सगळ्यांच्या गाड्या नव्या होईस्तोवर मी भंगारात जायचो.” ते हसले, पण त्यांना फार वाईट वाटलं होतं. उतरून त्यांनी लेकीला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

हॉस्पिटलच्या दारात आई वाकून बघू लागली. “अहो, हे काय? आज सारथी शेजारी?”

ती मागे बसली. बाबांनी हातवारे करत सगळी परीक्षा सांगितली, दोन्ही दिव्यांची सोंगंसुद्धा काढली.

“थोडक्यात, नाचता येईना अंगण वाकडं,” आई म्हणाली.

“मग तू नाच.” बाबांनी लेकीकडून जुन्या गाडीची किल्ली घेतली आणि मागे वळून आईच्या हातात ठेवली. “तुझे डोळे शाबूत आहेत. उद्यापासून मी दिवसा शिकवतो, शिकलीस की रात्री तू चालवत घरी ये.”

“या वयात?”

“मग बसमध्ये उभं राहायचं वय आहे का तुझं?”

आईने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. समोरून आणखी एक गाडी आली. बाबांनी डोळ्यांपुढे तळहात धरला. मागून आई दोन सीटच्या मध्ये पुढे सरकली आणि लेक गाडी कशी चालवते ते नीट बघू लागली.