अर्ध्या इंचाची बातमी

टेलरमास्तर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, पण बोलले ते सलग चार महिने.

त्याआधी माणूस सुतासारखा सरळ. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली, "चौतीसच लिहा हो, महिनाभरात उतरवतो," तरी मास्तरांच्या वहीत सदतीस म्हणजे सदतीस. गल्लीत त्यांना मागून 'पाव इंच' म्हणत, कारण तेवढंसुद्धा ते कुणाला सोडत नसत. मास्तरांना हे ठाऊक होतं आणि मनातून ते सुखावतही होते.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दोन मशिनं, एक त्यांचं आणि एक बायकोचं, मध्ये कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि खिडकीशी एक स्टूल. ते स्टूल गिऱ्हाइकांसाठी नव्हतं. त्यावर रोज चार वाजता प्रोफेसर येऊन बसत. तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. वर्ग सुटला, पण शिकवायची खोड काही सुटली नव्हती.

"मास्तर, चूक आणि बरोबर ही कपड्यांसारखी असतात," चहाचा पहिला घोट घेऊन ते सुरू करत. "एकाला बसलेलं दुसऱ्याला बसत नाही. सगळ्यांना लागू पडेल असं एकच बरोबर जगात नाही. सगळं सापेक्ष."

"कपडे वेगळे, कबूल," मास्तर खडूनं रेघ मारता मारता म्हणत. "पण इंच? जाड्याला मोठा इंच आणि बारक्याला छोटा, असं करून चालेल का?"

"इंच माणसानंच ठरवला ना?"

"ठरवला असेल. पण एकदा ठरवल्यावर मोडायचा नाही."

"तुमचं दोघांचं मिटेपर्यंत माझी चार शर्टांची काजं होतात," मास्तरांची बायको म्हणायची. "चालू द्या." अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. हरत कुणीच नव्हतं, त्यामुळे दोघंही खूश होते.

मग प्रोफेसर आजारी पडले. आतड्यात व्रण निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, औषधं घ्या, पोटभर खा आणि काळजी करू नका. पण प्रोफेसरांच्या थोरल्या भावाचं दुखणंही असंच सुरू झालं होतं. आधी पँट सैल झाली आणि तीन महिन्यांत भाऊ गेला. तेव्हापासून प्रोफेसरांचा डॉक्टरवर भरवसा नव्हता आणि वजनकाट्यावर तर नव्हताच. "काटा काय, जेवणाआधी एक सांगतो, जेवणानंतर दुसरं," असं त्यांचं म्हणणं. आरसाही त्याच माळेचा मणी. भरवसा फक्त पँटवर, कारण ती मास्तरांनी शिवलेली. तिला ते पट्टासुद्धा लावत नसत.

एका बुधवारी सकाळी वहिनी, म्हणजे प्रोफेसरांच्या पत्नी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पँटी घेऊन दुकानात आल्या.

"भाऊजी, कमरेत एकेक इंच आत घ्या. पण त्यांना कळता कामा नये."

"म्हणजे?"

"काल कमरेत बोटं घालून बघत बसले होते, किती सैल झालीय ते. मग जेवलेच नाहीत. दुखण्यानं नाही, पण या भीतीनं जातील बघा. मी सांगेन, कालची पँट जुनी, ढगळ होती म्हणून." त्यांचा आवाज जराही हलला नाही, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. "आणि वचन द्या मला, सांगणार नाही म्हणून."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं शिवण उसवायचं ब्लेड पुढे केलं.

त्याच दुपारी प्रोफेसर आले ते स्टुलावर न बसता उभेच राहिले. "मास्तर, जरा कंबर घ्या. काल उगाच शंका आली मला."

मास्तर त्यांच्या मागे गेले, टेप लावला. सदतीस, म्हणजे इंचभर कमी.

"अडतीस," ते म्हणाले.

"बघा! म्हणून मी तुमच्याकडे येतो. बाकी जग सापेक्ष असेल, तुमचा टेप नाही." आणि प्रोफेसरांनी चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली.

मास्तरांना मात्र त्या दिवशीचा चहा कडू लागला. वहीत अडतीस लिहायला हात धजेना, म्हणून त्यांनी पेन्सिलीनं अगदी बारीक अक्षरात सदतीस लिहिलं. तोंड खोटं बोललं होतं, निदान वही तरी खरी राहू दे.

पुढे दर बुधवारी हा खेळ. माप घेताना मास्तर आता नेहमी मागे उभे राहत, म्हणजे टेपवरचा आकडा दिसायला नको. सदतीस, मग छत्तीस, मग पस्तीस. दर खेपेला वहिनी पँटी आणत. मास्तर मागून थोडं, दोन्ही बाजूंनी थोडं असं आत घेत, पण आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कधी कापत नसत. जुन्या शिवणीच्या भोकांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवत. शेवटी शेवटी मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला आले, तरी प्रोफेसरांना पत्ता नाही. त्यांचं सगळं लक्ष वादात. पण मास्तरांची रया गेली. चोराच्या मनात चांदणं! प्रोफेसरांनी नुसतं "मास्तर" म्हटलं तरी ते दचकत. वादात तर ते हरायलाच लागले. इंच सगळ्यांना सारखाच, हे वाक्य तोंडातून निघेना.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" प्रोफेसर काळजीनं विचारत. "वाळलात हो जरा."

बायको मशीनवर वाकून हसू दाबायची.

दोन बुधवार आकडा पस्तीसवर अडून राहिला. तिसऱ्या बुधवारी टेप साडेपस्तीसवर आला. मास्तरांनी पुन्हा लावला. साडेपस्तीस! त्यांना इतका आनंद झाला, की प्रोफेसरांना मिठी मारून गल्लीभर ओरडत सुटावंसं वाटलं. पण ओरडणार काय? प्रोफेसरांच्या हिशेबी ते कधी वाळलेच नव्हते, तर भरतील कुठून?

"अडतीस," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"वाटलंच," प्रोफेसर स्टुलावर बसले आणि त्यांनी बिस्किटांची बशी बाजूला सारली. "मास्तर, चार महिने झाले. इतकी औषधं, रोजची अंडी, दूध, आणि अडतीसचे अडतीस. डॉक्टर म्हणतो सुधारणा आहे. कुठाय? मला तर काडीचा फरक दिसत नाही. आजपासून बंद करतो सगळं. मरमरून खायचं कशाला?"

मास्तरांच्या हातातला टेप गळून पडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सांगावं तर वहिनींना दिलेलं वचन मोडतं, न सांगावं तर हा माणूस बरा होता होता खाणं सोडतो. या खोट्यानं प्रोफेसरांची भीती लपवली खरी, पण त्यांचा आनंदही लपवून ठेवला होता. आणि तो आनंद या क्षणी एकट्या मास्तरांच्या खिशात होता, हक्क नसताना.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "मी तुम्हाला फसवलं."

आणि सगळं सांगून टाकलं. पँटी, ब्लेड, इस्त्री, मागून घेतलेलं माप, वहीतले खरे आकडे. वहिनींचं नाव घेताना जीभ अडखळली, पण आता अर्धं सांगण्यात राम नव्हता.

प्रोफेसर ताडकन उठले. "चार महिने? माझ्या पाठीमागे उभं राहून? मास्तर, एखाद्याला त्याच्याच देहाबद्दल फसवायचं, हे चूक आहे! कुणीही करो, कुठंही करो, कितीही चांगल्या हेतूनं करो, हे चूक म्हणजे चूकच!"

बायकोनं मशीन थांबवलं.

"कुणीही, कुठंही?" ती म्हणाली. "प्रोफेसर, अठरा वर्षं काजं करता करता तुमचं ऐकतेय मी. हे वाक्य ह्यांचं आहे. तुमचं नव्हे."

प्रोफेसरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जिंकले होते, पण चेहरा मार खाल्ल्यासारखा.

"चूकच आहे," मास्तर म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय? पण उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन."

"मग तुम्ही माझ्या बाजूला आलात की!"

"छे. तुमच्या बाजूच्या माणसाची झोप उडत नाही. माझी चार महिने उडालीय."

प्रोफेसर मटकन स्टुलावर बसले. मग त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. मास्तरांनी वही दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवत खाली आले. सदतीस. छत्तीस. पस्तीसवर बोट थांबलं, भावाची आठवण आली असावी. मग पुढे सरकलं. पस्तीस. पस्तीस.

"आजचा लिहिलेला दिसत नाही."

"साडेपस्तीस."

"वाढलं?"

"अर्धा इंच."

"पुन्हा घ्या," प्रोफेसर म्हणाले. "या वेळी समोरून."

मास्तर समोर उभे राहिले. टेपचं टोक प्रोफेसरांनी स्वतःच्या बोटानं धरलं, मान खाली घालून आकडा स्वतः वाचला. साडेपस्तीस. वर एक केसभर, तेवढं मास्तरांनी धरू दिलं नाही. प्रोफेसर हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. मास्तरांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की तेही खुळ्यासारखे हसत सुटले.

"आमच्या हिला मात्र सांगू नका, मला कळलंय म्हणून," प्रोफेसर म्हणाले. "चार महिने जिवाचा आटापिटा केलाय बिचारीनं. वाईट वाटेल."

"नाव काढू नका!" मास्तरांनी कानाला हात लावले. "एक खोटं पेलता पेलता अर्धा झालो. दुसरं तुमचं तुम्ही पेला."

तेवढ्यात दारात वहिनी आल्या. काखेत वर्तमानपत्रातलं गाठोडं. दुकानात शिरता शिरता नवरा दिसला आणि त्या जागीच थबकल्या.

"अय्या, तुम्ही अजून इथंच? हे आपलं... खालची पट्टी उसवलीय जरा पँटींची," त्या म्हणाल्या.

मास्तर इस्त्रीकडे बघू लागले. बायकोनं सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही केल्या ओवला जाईना.

प्रोफेसर उठले. त्यांनी गाठोडं वहिनींच्या हातातून घेतलं, सोडलं, वरची पँट उलटी करून मागची शिवण बघितली. एकाशेजारी एक, जुन्या टाक्यांच्या तीन ओळी. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पँट मास्तरांपुढे टेबलावर ठेवली.

"मास्तर, कमरेत अर्धा इंच सोडा," ते वहिनींकडे बघत म्हणाले. "आणि आतलं बाकीचं कापड राहू द्या, लागणार आहे मला." मग त्यांनी बिस्किटांची बशी पुन्हा जवळ ओढली आणि तिच्यातलं पहिलं बिस्किट वहिनींना दिलं.