मखमलीत निजवलेली काठी

"सोड म्हणते ना, दादा!"

"तू सोड आधी! न विचारता पेटीतून काढलीसच कशी?"

माझं जाड टोक दादाच्या मुठीत, बारीक टोक त्याच्या धाकट्या बहिणीच्या. मी पूल नावाचा, टेबलावरच्या चेंडूंचा खेळ खेळायची काठी बोलतेय, आणि खेळाच्या भर हॉलमध्ये ही ओढाताण माझ्यावरूनच चाललीय. दुसरी एखादी केव्हाच वाकली असती. वाकणं माझ्या लाकडात नाही.

खुर्च्या बनवणाऱ्या एका सुतारानं मला घडवलं. पुढचं लाकूड फिकट, मागचं काळपट, मधे पितळी आट्यांचा सांधा. या दोघांच्या आईनं मला घेतलं तेव्हा या हॉलमध्ये बायका यायच्या त्या नवऱ्याला शोधायला. ही आली ती खेळायला. दिवसभर कोटांना अस्तरं लावायची आणि संध्याकाळी मला खांद्यावर टाकून यायची. लोक हसले. मग एकेक करून हरले, आणि मान खाली घालून आपापल्या काठ्या पुसत बसले.

पुसायची हौस इथं सगळ्यांनाच. न्हावी आपली काठी टेबलावर घरंगळवून दाखवतो, "केसभर वाकडी निघाली तर मिशी उतरवीन!" बसचालकाच्या काठीत शिंपल्याचे तुकडे बसवलेत, खेळण्याआधी तो ते सगळ्यांना दाखवतो, हरल्यावर पुन्हा दाखवतो. मिरवेनात का! खेळतात तरी.

दादा खेळतो हॉलच्या काठीनं. आईचा हात कापायला लागला तेव्हा त्यानं मला मागून घेतलं आणि मखमलीच्या पेटीत निजवलं. रोज पेटी उघडायची, "ही आमच्या आईची" म्हणून मित्रांपुढे धरायची, फर्निचरचं पॉलिश चोळायचं, पेटी बंद. माया आहे हो त्याची, नाही कशाला म्हणू? पण त्या मायेचे थर बसून मी चिकट झाले. बोटांतून सरकत नाही ती कसली काठी? त्यापेक्षा पडदा लटकवा माझ्यावर! जपायचंच असेल, तर बायांनो, बाप्यांनो, मला खेळवा.

आज धाकटीचा अंतिम सामना आहे, आणि सकाळीच तिच्या काठीचा सांधा तडकला.

"हॉलच्या काठ्या पडल्यात की ढीगभर," दादा म्हणाला.

"त्या तुला लखलाभ! नेम धरावा एकीकडे, चेंडू जातो भलतीकडे. मी हिच्यावर शिकलेय, आईच्या हाताखाली."

"आणि ओरखडा पडला म्हणजे?"

"पडू दे. तुझं पॉलिश तर मी घासून काढलंयच. हात फिरवून बघ, आत्ता कुठं लाकूड लागतंय हाताला."

"घासून काढलंस?" दादाचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं जिवापाड जपली मी! आईची आठवण आहे ती, आठवण!"

काठीच्या टोकाला खडू घासता घासता न्हावी थांबला. बसचालकानं शिंपले पुसायचं थांबवलं. कोपऱ्यातल्या बाकावरून आई उठली, दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि तिनं आपला कापरा हात माझ्या सांध्यावर ठेवला.

"आठवण मी मेल्यावर ठेव रे बाबा, अजून धडधाकट आहे मी, दे तिला काठी, मला खेळ बघायचाय."