शिवणीतली माया

दोघी जावा एकाच दुकानात काम करायच्या. दुकान थोरलीचं. तिथं नवीन काही शिवून मिळत नसे. घट्ट झालेलं सैल करायचं, सैल झालेलं घट्ट करायचं, तुटलेल्या चेन बदलायच्या, फाटलेले खिसे जोडायचे. अठरा वर्षं थोरलीनं हे एकटीनं चालवलं होतं. चार वर्षांपूर्वी धाकटीची कचेरी बंद पडली तेव्हा दिरानं बिचकत विचारलं, "वहिनी, हिला घ्याल का हाताखाली?"

"घेईन," थोरली म्हणाली. "पण सहा महिने नुसतं उसवायला लावीन."

आणि लावलं. धाकटीनं सहा महिने टाके उसवले. कपडा कसा उभा राहतो हे तो मोडतानाच कळतं, असं थोरलीचं म्हणणं. पुढे धाकटीला मशीन मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं एका कोटाच्या शिवणीतलं जास्तीचं कापड कात्रीनं साफ कापून टाकलं. आतून नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की शिवण उसवायची, माया सोडायची, कोट पुन्हा अंगाला येतो. माया कापली की संपलं.

थोरली ओरडली नाही. तिनं ती कापलेली पट्टी उचलून धाकटीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "माणूस बदलतो गं. कापडानं काय करायचं मग? कापताना माया ठेव."

धाकटीला ते वाक्य फार आवडलं. इतकं, की तीन वर्षांनी तिनं ते रीलमध्ये टाकलं.

ती मधल्या सुट्टीत मोबाईल मशीनच्या दिव्याला टेकवून आपल्या हातांचे व्हिडिओ काढायची. चेहरा नाही, नुसते हात. चाळीस-पन्नास लोक बघायचे, त्यात निम्मे नातेवाईक. त्या दिवशी ती एक जुना कोट सैल करत होती. शिवण उलगडली, आतलं न उडालेल्या रंगाचं कापड बाहेर आलं, आणि ती सावकाश म्हणाली, "माणसं बदलतात. कापताना माया ठेवा." दोन दिवसांत ते बारा लाख लोकांनी पाहिलं.

थोरलीला आनंद झाला. खरोखरच झाला, पण पाऊण तासापेक्षा जास्त टिकला नाही. पाऊण तासानं एक बाई पँट घेऊन आली आणि थोरलीकडे बघून म्हणाली, "त्या मायावाल्या बाई तुम्हीच का?"

"नाही. ती आत आहे."

बाईनं पँट काउंटरवर ठेवली आणि सरळ आत गेली. थोरलीनं पँट उलटी करून पाहिली. आतली शिवण तिची स्वतःचीच होती, सहा वर्षांपूर्वीची.

त्यानंतर ते वाक्य जिकडे तिकडे ऐकू येऊ लागलं. आधी लोक ते भांडण मिटवायला वापरायचे. कुणी कुणाला फाडून खायला लागलं की तिसरा खाली लिहायचा, माया ठेव. मग बसमध्ये कॉलेजच्या मुली एकमेकींना म्हणायला लागल्या, "माया ठेव ना जरा," म्हणजे अंगावर येऊ नकोस, मोकळं सोड. गाद्यांच्या जाहिरातीत आलं. एका पोरानं 'माया ठेव' छापलेला टी-शर्ट आणला आणि म्हणाला, "अंगाला चिकटेल असा करा. आतलं सगळं कापून टाका, फुगतं." थोरलीनं कापून टाकलं.

घरी तिनं नवऱ्याला ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल झापलं तर तो हसत म्हणाला, "अगं, माया ठेव."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"सगळेच म्हणतात. आपल्या धाकटीचं आहे ना ते."

"माझं आहे ते," थोरली म्हणाली.

नवऱ्यानं टॉवेल उचलला. "असेल की," तो म्हणाला. त्या 'असेल की'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती मनात दिवसातून दहा वेळा म्हणायची. तोंडावर मात्र एक शब्द नाही. मधल्या सुट्टीत धाकटी मोबाईल घेऊन बसली की ही ट्रायल रूमच्या पडद्याआड जायची आणि स्टुलावर बसून तिच्याच रील बघायची. स्वतःच्या नावानं बघितलं तर धाकटीला कळेल, म्हणून तिनं वेगळं खातं उघडलं होतं. नाव 'निळी छत्री'. समोर, डावीकडे, उजवीकडे आरसे. तिन्हींत मान खाली घालून बसलेली एकेक बाई.

मग एक पत्रकार मुलगी आली, सोबत फोटोग्राफर. थोरली कोपऱ्यात वाफेच्या इस्त्रीनं शाळेचे गणवेश दाबत होती. मुलीनं धाकटीला विचारलं, "हे वाक्य तुम्हाला सुचलं कसं?"

इस्त्री थोरलीच्या हातात थांबली.

"आमच्या दुकानात सगळेच असं म्हणतात," धाकटी म्हणाली.

सगळेच. दुकानात माणसं किती? दोन. थोरलीनं इस्त्री इतकी जोरात टेकवली की वाफेचा लोट उठला. फोटोग्राफर मागे वळून म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का? वाफ फोटोत येतेय."

"वहिनी, तुम्ही पण या ना फोटोत," धाकटी म्हणाली.

"मला काम आहे," थोरली म्हणाली आणि गणवेश घेऊन आत गेली. आत गेल्यावर तिला वाटलं, तिनं दुसऱ्यांदा बोलवावं. धाकटीनं दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटीनं पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दाखवला. हिरवा कोट घालून दारात उभी, हसत. दोन वर्षांत ती अंगानं थोडी भरली होती आणि कोट दंडात आवळत होता. थोरलीच्या नजरेला कपड्यातलं आवळणं सगळ्यात आधी दिसायचं, तो धंदाच होता तिचा. ती पडद्याआड स्टुलावर बसली आणि निळ्या छत्रीनं लिहिलं: 'बाईंची माया फारच सुटलेली दिसते.'

लिहून तिनं मोबाईल ॲप्रनच्या खिशात टाकला आणि एका पँटच्या चेनला लागली. चेन बसवून होईपर्यंत त्या ओळीवर चारशे लोक हसले होते. दुसऱ्या दिवशी अकरा हजार.

खरं सांगायचं तर तिला गुदगुल्या झाल्या. जन्मात पहिल्यांदा आपलं वाक्य इतक्या लोकांना आवडलेलं ती स्वतः बघत होती. लोक लिहीत होते, निळी छत्री कोण आहे, कसलं डोकं आहे. ती दर अर्ध्या तासानं आकडा बघायची. मात्र सांगायची सोय नव्हती. आधी वाक्य तिचं होतं आणि नाव धाकटीचं झालं. आता कौतुक चाललं होतं तेही एका छत्रीचं.

मग ते धाकटीपुरतं राहिलं नाही. लग्नाच्या फोटोखाली, समुद्रावरच्या फोटोखाली, बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बातमीदार बाईच्या फोटोखाली लोक लिहू लागले, माया सुटली. महिन्याभरात नुसतं 'माया' लिहिलं तरी पुरायला लागलं. जाड माणूस दिसला की माया. मूळ वाक्य कुणाला आठवेना. माया ठेव म्हणजे आता कमी खा.

धाकटीनं चेहरा दाखवणं बंद केलं, मग हातही. डबा अर्धा परत न्यायची. हिरवा कोट दिसेनासा झाला. थोरलीनं विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "बरी आहे." थोरलीला हवं होतं ते सगळं झालं होतं. गिऱ्हाईक पुन्हा तिलाच विचारत होतं. पण धाकटीचा अर्धा डबा बघितला की तीही आपला डबा अर्धाच ठेवून झाकायची, आणि त्याचाही राग ती धाकटीवरच काढायची. म्हणायची, ही एवढी मनाला कशाला लावून घेते?

एका सकाळी वाचनालयातल्या बाई करडा कोट घेऊन आल्या. जुनं गिऱ्हाईक, अठरा वर्षांचं. धिप्पाड, मोठ्यानं हसणाऱ्या. त्या दिवशी हसत नव्हत्या. थोरलीनं त्यांना आरशासमोर उभं केलं, कोटाची बाजू उलटून पाहिली आणि सवयीनं, बावीस वर्षं म्हणत आली तसंच म्हणाली, "काळजी करू नका. माया भरपूर आहे."

बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्हीसुद्धा?" त्या हळूच म्हणाल्या.

"अहो, कोटात. कोटातली म्हणतेय मी."

पण त्यांनी कोट उतरवला होता. बाहीला धरून ओढतच नेला. दार जोरात आपटून गेल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी ते अगदी हलक्या हातानं लावलं.

धाकटी मशीनवरून उठली आणि त्यांच्या मागे रस्त्यावर धावली. थोरली काउंटरला धरून उभी राहिली. काचेतून तिला दोघी दिसत होत्या. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी धाकटी काहीतरी समजावत होती, हातानं शिवण उलगडल्यासारखं करून दाखवत होती. दहा मिनिटांनी ती कोट घेऊन एकटीच परत आली.

"देतायत," ती म्हणाली. "पण न्यायला त्या येणार नाहीत, घरी पोचवा म्हणाल्या. वाचनालयात त्यांच्या खुर्चीच्या पाठीला कुणीतरी तो शब्द लिहून चिठ्ठी चिकटवली होती. दिवसभर त्यांना कळलं नाही."

थोरलीनं कोट घेतला. मग तो पुन्हा खाली ठेवला. "निळी छत्री मी आहे," ती म्हणाली.

धाकटीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ती मशीनच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर.

"कधीपासून?"

"तुझं गाजलं तेव्हापासून. बघायला काढलं होतं खातं. लिहिलं ते एकदाच."

"एकदाच," धाकटी म्हणाली.

"वाक्य माझं होतं. तू त्या पोरीला सांगितलंस, सगळेच म्हणतात."

"हो, सांगितलं." धाकटीचा आवाज चढला नाही. "माझं आहे म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. तुमचं म्हटलं असतं तर तिनं कॅमेरा तुमच्याकडे वळवला असता. ते मला नको होतं. चार वर्षं वहिनी, चार वर्षं जो येतो तो विचारतो, मोठ्या बाई आहेत का? मी समोर बसलेली असते. मोठ्या बाई नाहीत म्हटलं की कपडा घेऊन परत जातात. एकदा तरी कुणी मला विचारत आलं होतं."

आपलाही कुणाला हेवा वाटत असेल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि खरं तर, अशा वेळीही, ते ऐकून तिला किंचित बरं वाटलं. त्याची तिला लाज वाटली.

"मी ते पुसून टाकते," ती म्हणाली.

"टाका. पण उपयोग काय?"

तिनं पुसलं. खातंही बंद केलं. शब्दाला काडीचा फरक पडला नाही, त्याला आता तिची गरज नव्हती. करडा कोट दोघींनी मिळून सैल केला, एकीनं डावी बाजू, एकीनं उजवी. पोचवायला थोरली स्वतः गेली. वाचनालयाच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं, कोट घेतला. थोरलीनं छत्रीचं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढं धैर्य झालं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. बाईंना वाटलं, ती त्या सकाळच्या बोलण्याबद्दल म्हणतेय. "असू द्या," त्या म्हणाल्या.

महिना संपला तसं धाकटीनं दुकान सोडलं. एका नाटक कंपनीत पोशाख सांभाळायचं काम मिळालं तिला. दीर काही दिवस घुम्यासारखा वागला, मग निवळला. सणावारी, वाढदिवसाला दोघी एका खोलीत बसायच्या, दुसरीकडे बघून बोलायच्या.

दुकानात थोरली आता माया म्हणत नसे. "आत कापड आहे," म्हणायची. ते तिच्या जिभेला बोथट लागायचं. नुसतं कापड काय, कापड तर बाहेरही होतं.

हिवाळा सरता सरता एक नट फुगलेल्या पोटावर कोट धरून आला. "बघा ना, सवड आहे का यात?"

"मला सवड आहे," थोरली म्हणाली.

"तुम्हाला नाही हो, कोटाला. आमच्या पोशाखवाल्या बाई असंच म्हणतात. आत जागा असली की, कोटाला सवड आहे. आता आमच्याकडे सगळे तेच म्हणतात."

थोरलीनं शिवण चाचपली. सवड. किती साधा शब्द, किती मऊ. कुणाला लागणार नाही असा. बावीस वर्षं बसून आपल्याला का नाही सुचला? नट गेल्यावर तिनं मुद्दाम तीन गिऱ्हाइकांना "कापड आहे" असंच सांगितलं. चौथ्याला तिच्या तोंडून "सवड आहे" असं निघून गेलं. त्या माणसानं मान हलवली, त्याला लगेच कळलं.

तिनं मोबाईल घेतला आणि धाकटीला फोन लावला. कित्येक महिन्यांनी.

"सवड हा शब्द तू काढलास?"

पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला. "हो. का?"

"शब्द चांगला आहे."

"वहिनी, मनापासून म्हणताय?"

"नाही," थोरली म्हणाली. "पण चांगला आहे."