आबांनी परत पाठवलेलं ताट

आबांचं वजन तीन महिन्यांत एकावन्न किलोवरून सव्वासेहेचाळीसवर आलं. पंचेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालायचा विचार करावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझा धाकटा भाऊ राजरत्न कल्याणला राहतो. त्याने लगेच बदलापूरकडची एक वृद्धांची संस्था शोधून काढली. तिथे शिकलेल्या नर्स असतात, तू कुठे काय शिकलीयेस, असं तो फोनवर म्हणाला. पंधरा दिवसांनी रविवारी फॉर्म घेऊन येतो, तोवर वजन वाढलं तर बघू, असं आमचं ठरलं.

मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. वर्तकनगरच्या घरात आम्ही दोघंच. मी शिवणकाम करते आणि आबांना विसरण्याचा आजार होऊन चार वर्षं झाली. मी त्यांची मुलगी माया आहे, हे त्यांना वर्षभरापासून आठवत नाही. त्याचं काय रडायचं ते मी रडून घेतलं. पण एकदा वरणभात भरवताना त्यांना असा ठसका लागला की ओठ निळे पडले, आणि तेव्हापासून चमचा उचलला की माझा हात थरथरायचा. घास भरवायला घाबरणारी बाई कसली सांभाळणार, असं मीच मला विचारायचे.

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिलेलं सगळं मी करत होते. मऊ शिजवलेलं, नीट कालवलेलं, बीपीसाठी मीठ अगदी नावाला, ठरलेल्या वेळी टेबलावर. आबा ताटाकडे बघायचे, एक घास घ्यायचे आणि दोन बोटांनी ताट पुढे सरकवायचे. शेजारच्या विनिताकाकू म्हणाल्या, गोड दे. कुणी म्हणालं टीव्ही लाव, कुणी म्हणालं टीव्ही बंद कर. सल्ले द्यायला लोकांचं काय जातं.

घरात मला लहानपणापासून चौकशीखातं म्हणतात. एका दुपारी मी चिडायचं सोडलं आणि ते खातं उघडून नुसती बघत बसले. ताट सरकवताना आबांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. शिवाय ताट दरवेळी एकाच बाजूला जायचं, स्वयंपाकघराच्या दाराकडे. मी मुद्दाम त्यांची खुर्ची फिरवून ठेवली, तरी ताट वळसा घेऊन दाराकडेच सरकलं. ज्याला जेवण नको असतं तो ताट कुठेही ढकलेल. हा माणूस ते कुठेतरी पाठवत होता. का पाठवत होता, ते काही कळेना.

दुसऱ्या दिवशी आमटीला फोडणी देऊन मागे वळले, तर आबा ओट्याशी उभे. उजवा तळहात खोलगट करून त्यांनी माझ्यापुढे धरला होता. काय हवंय विचारलं, तर "टाक" एवढंच म्हणाले. मी पळीतली आमटी जरा निववली आणि चार थेंब त्यांच्या तळहातावर टाकले. त्यांनी ते जिभेने टिपले, छताकडे बघून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मीठ नाही. हे बाहेर जायचं नाही."

मला त्यांचं कॅन्टीन आठवलं. आबांनी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं काढली. पहिली सात वर्षं नुसती भांडी घासली, कारण बौद्धवाडीतून आलेल्या पोराच्या हातचं जेवायला काही जण तयार नव्हते. मग एकदा आचारी आजारी पडला, आबांनी सातशे माणसांची उसळ केली, आणि पुढे तेच मुख्य आचारी झाले. त्यांनी तळहातावर चव बघितल्याशिवाय एकही पातेलं काउंटरला जात नसे. आणि मी तीन महिने त्यांच्यासमोर बिनमिठाचं ताट ठेवत होते. ते बिचारे रोज नियमाने ते आत परत पाठवत होते. मला हसू आलं आणि स्वतःचा संतापही आला.

मी डॉक्टरांना फोन केला. आधी पोटात जाऊ दे, थोडं मीठ चालेल, बीपी मी दर आठवड्याला बघतो, असं ते म्हणाले. उभ्याने खाल्लं तर चालेल का, हेही विचारून घेतलं. ताठ उभे असतील, घास छोटा असेल आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा देणार नसाल तर हरकत नाही म्हणाले. मी आबांच्या मागे एक स्टूल ठेवलं आणि डावा हात ओट्याला धरायला लावला.

पण पुढची अडचण होतीच. चव पास झाली की आबांचं काम संपायचं. "लाव काउंटरला" म्हणून ते निघून जायचे आणि पोटात गेलेले असायचे दोन चमचे. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम स्वयंपाक बिघडवायला शिकले. खिचडीत आधी मीठ घालायचंच नाही. आबा म्हणणार मीठ, मी चिमूटभर टाकणार, पुन्हा तळहात. मग हळद कच्चट लागते, मग तूप कमी आहे, मग अजून जरा शिजू दे. दर दुरुस्तीला एक घास आत. अर्ध्या तासात वाटी रिकामी व्हायची. मला याचा नादच लागला. उसळीत ते सगळ्यात जास्त खोडी काढतात आणि शिरा पहिल्याच घासाला पास करतात, असं माझ्या लक्षात आलं. म्हणजे विनिताकाकूंचा सल्ला बरोब्बर उलटा होता. माझ्या हाताची थरथर या सगळ्यात कधी थांबली, ते मला कळलंही नाही.

शनिवारी आबांना काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीसला थोडं कमी.

रविवारी राजरत्न आला तेव्हा आम्ही ओट्याशीच होतो. तो स्वयंपाकघराच्या दारात थबकला आणि त्याचा चेहरा उतरला. मी त्याला वजन सांगितलं, ते त्याने ऐकलंच नाही.

"ताई, आपल्या पणज्याला असंच वरून हातावर टाकायचे ना? भांडं बाटेल म्हणून," तो म्हणाला. "आणि तू आबांना तसं देतेस?"

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं आणि त्याच्या डोक्यात पहिलं हेच आलं. त्याची तरी काय चूक. पळी वर, तळहात खाली, दारातून तेवढंच दिसत होतं. पंधरा दिवसांत गोळा केलेला धीर एका वाक्यात गळून गेला. मी पळी खाली ठेवली आणि फॉर्म कुठे आहे, असं विचारलं.

त्याने बॅगेतून तो काढला. आबा इतका वेळ त्याच्याकडे बघत होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. कॅन्टीनमध्ये असा माणूस कशासाठी येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. त्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला, हात लुंगीला पुसला आणि त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, पोरगी नवीन आहे. मीठ विसरते," आबा म्हणाले. "पण सांगितलेलं ऐकते. काढू नका हिला. हात बसलाय तिचा."

राजरत्नने आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागद त्याने परत बॅगेत घातला.

"नाही काढत," तो कसंबसं म्हणाला.

आबांनी मान हलवली आणि ते ओट्याशी परत आले. मी त्यांची मुलगी आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. पोटची पोर म्हणून त्यांनी माझी बाजू घेतली नव्हती, काम बघून घेतली होती. तीन महिन्यांत डॉक्टरांनी, भावाने, मी स्वतःसुद्धा मला एवढं म्हटलं नव्हतं. मी ओट्याला टेकून रडायला लागले, तर आबा म्हणाले, आधी खिचडी हलव, खाली लागतेय.