चष्म्यावरचे धुके

"रडू नका काकू," मी तिसऱ्यांदा बजावले. "काकांना मास्कमधून बोलता येत नाही, पण दिसतं तर सगळं. तुम्हीच अशा खचलात तर त्यांनी कोणाकडे बघायचं?"

काकूंनी चष्मा रुमालाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

छातीच्या वॉर्डात तीस वर्षे काढल्यावर नातेवाइकांची समजूत घालणे माझ्या हातचा मळ झाले आहे. निदान असे मला वाटत होते.

काका शिलाई मशीन दुरुस्त करणारे. कालपासून त्यांच्या तोंडावर घट्ट मास्क होता आणि पाइपातून श्वासाचे मशीन हवा ढकलत होते. औषधाच्या वाफेसाठी मास्क काढला की दोन मिनिटांत ओठ निळे पडत. म्हणून मास्क तसाच ठेवून पाइपातच औषधाची वाटी जोडली होती. सकाळपासूनची ही तिसरी वाफ, पण दम काही हटेना. डॉक्टर सांगून गेले होते, "चारपर्यंत बघू. नाहीतर घशात नळी घालावी लागेल." हे ऐकल्यापासून काकू खुर्चीवरून हलल्या नव्हत्या.

"सिस्टर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा की."

"मी रडत नाहीये हो. तुम्ही ही वाफ सुरू केली की माझ्या चष्म्यावर धुकं येतं. बंद केली की जातं."

मी पाइपावरून बोट फिरवत वाटीपर्यंत नेले.

पाइपाला एक बारीक भोक असते, पेशंटचा उच्छ्वास बाहेर पडायला. वाटी बसवायची ती भोक आणि मास्क यांच्या मधे. सकाळी तिच्या वजनाने मास्क ओढला जात होता, म्हणून मी शहाणपणाने ती भोकाच्या पलीकडे, मशीनच्या बाजूला सरकवली. बरेचसे औषध काकांपर्यंत पोचण्याआधीच भोकातून उडून जात होते. भोकाचे तोंड होते काकूंच्या खुर्चीकडे.

"काकू, चूक माझीच," मी म्हणाले. "सकाळपासून काकांचं औषध तुमच्या चष्म्याला देतेय मी."

डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी झापले, आणि झापायलाच हवे होते. मग म्हणाले, "वाटी जागेवर घ्या आणि लगेच परत द्या."

मी वाटी मास्कजवळ आणली. वजन पेलायला काकांच्या छातीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून पाइप तिच्यावर टेकवला. काका माझ्या हातांकडे बारकाईने बघत होते. गुंडाळी नीट बसल्यावर त्यांनी एक बोट वर केले. कारागिराने कारागिराला पास केले होते.

चार वाजता डॉक्टरांनी छाती तपासली, आकडे पाहिले, पुन्हा तपासली. "नळी नको. असंच चालू ठेवा." काकांचे खांदे सकाळपासून पहिल्यांदाच खाली आले होते.

काकूंचे आभार कसे मानावेत ते मला कळेना. नुसतेच "काकू, तुम्ही बोललात म्हणून" एवढे म्हणून मी थांबले. तीस वर्षांत मला इतक्या हळू आवाजात कोणी एवढे सांभाळून घेतले नव्हते.

त्यांनी चष्मा काढला.

"अजून येतंय धुकं?" मी घाबरून पाइप चाचपला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आता रडतेय."

मी ट्रेमधून कापसाचे दोन बोळे उचलले आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले.