दवंडी मागे घेण्याचं बटण

माझ्या ऑफिसात चार माणसं आहेत आणि पाच मतं. पाचवं मतसुद्धा प्रतापचंच, कारण चहाच्या आधी त्याचं एक असतं आणि चहानंतर दुसरं. बोईसर स्टेशनपासून थोडं आत, वेल्डिंगच्या दुकानाच्या डोक्यावर आमची कंपनी आहे. खाली त्यांच्या ठिणग्या उडतात, वर आमच्या. एमआयडीसीतल्या कारखान्यांना हजेरीची आणि गेटपासची सॉफ्टवेअरं करून देणं हा आमचा धंदा. मी जागृती, या सगळ्याची मालकीण, म्हणजे एसी बंद पडला की ज्या बाईला हाक मारतात ती.

लोकांना वाटतं कॉम्प्युटरवाले शांत असतात, हेडफोन लावून आपले टकटक करत बसतात. एकदा येऊन बघा म्हणावं. कोड लिहिताना ओळीच्या सुरुवातीला थोडी मोकळी जागा सोडतात. ती टॅबचं बटण एकदा दाबून सोडायची की स्पेसचं बटण चारदा दाबून, यावरून माझ्याकडची दोन माणसं गेला महिनाभर एकत्र जेवत नव्हती. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. आमच्या मशीनला काडीचा फरक पडत नाही. फरक पडायचा तो फक्त प्रतापला आणि भाविकाला.

प्रताप आमच्यातला सगळ्यात जुना आणि कट्टर टॅबवाला. शुक्रवारी नवीन काही लाईव्ह करायचं नाही, हा त्याचा दुसरा हट्ट. शनिवार-रविवारी बिघडलं तर निस्तरायला कोण येणार, असं तो विचारतो आणि 'कोण' म्हणताना स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो.

भाविका स्पेसवाली. एडवणच्या होडीवाल्या रामूकाकांची मुलगी. तिची आई हिरा बाजारात मासळी विकते, आणि पोरीने तिच्याकडून आवाज आणि घासाघीस दोन्ही उचललं आहे. भाविकाचं म्हणणं असं, की टेस्ट करायला टाकलेली माहिती खोटी असली तरी खरी वाटली पाहिजे. "अबकड टाकून टेस्ट केलं की अबकडच चालतं," ती म्हणायची. "माझ्या गावात कोणाचं नाव अबकड हाय?"

चौथा हर्षित. आमच्या इकडच्या माहीम गावातल्या वाडीवाल्यांचा मुलगा, घरी पानवेली आणि नारळ. टॅब की स्पेस, असं विचारलं तर म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तसं." जेवायला काय मागवू, तर "चालेल काहीही." अशा माणसाचं पुढे कसं व्हायचं, याची मला खरंच काळजी वाटायची. शिवाय तो भाविकाकडे कसा बघतो, हे खालच्या वेल्डरलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या भाविकाला, कारण ती त्याच्या ओळींतल्या स्पेस मोजत असायची. त्यातच तिला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं आणि महिनाअखेर हो-नाही कळवायचं ठरलं. हर्षित त्या दिवसापासून डबा अर्धा ठेवून उठायला लागला.

त्या वेळी आम्ही 'दवंडी' नावाचं अॅप करत होतो. पाणी कधी येणार, लाईट कधी जाणार, बैठक, लग्न, मयत, सगळं गावाला फोनवर कळावं म्हणून. हे काम भाविकाने आणलं होतं, तिच्याच गावासाठी. रामूकाका तिच्याबरोबर दारोदार फिरले होते आणि "पोरीचं काम हाय, नंबर द्या" म्हणत लोकांचे फोन नंबर गोळा केले होते. म्हणजे अॅप बिघडलं असतं तर माझं एक गिऱ्हाईक गेलं असतं, पण भाविकाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आता आमचा एक नियम सांगते. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून अप्रूव्ह केल्याशिवाय पुढे जात नाही. नियम चांगला आहे. माणसं कशी आहेत ते वर सांगितलंच.

दवंडी सुरू झाली की आधी एक नमुना संदेश जायचा, सगळं ठीक चाललंय ना हे बघायला. तो आमच्या चौघांच्याच फोनवर यायचा. हर्षितने त्यात 'अबकड अबकड' लिहिलं होतं. भाविकाने ते अडवलं आणि खाली लिहिलं, "खरा वाटेल असा संदेश टाक. खऱ्या गावातली माणसं, खरा प्रसंग." हर्षित सबंध दुपार पंख्याकडे बघत बसला. मग त्याने एक ओळ लिहिली आणि भाविकाकडे पाठवून दिली. ती ओळ अशी होती: "माहीमचा हर्षित व एडवणची भाविका यांचा साखरपुडा येत्या रविवारी समाजमंदिरात. सर्वांनी अगत्याने यावे."

जेवणाला काय हवं ते ज्याला सांगता येत नाही, त्या माणसाने लग्नाची मागणी अशी घातली.

भाविकाने कोड उघडला. ही स्पेस जास्त आहे. या फंक्शनचं नाव केवढं मोठं. शेवटी एक ओळ रिकामी सोड. हर्षितने सगळं दुरुस्त केलं. तिने पुन्हा बघितलं, समाधानाने मान हलवली आणि अप्रूव्ह करून वर एक अंगठा दिला. संदेश तिने वाचलाच नव्हता. हर्षितला मात्र वाटलं, ती हो म्हणाली.

तो पूर्ण आठवडा तो शीळ घालत होता. घरून केळ्यांचा घड आणला. वेल्डरलाही केळी दिली. आम्हाला वाटलं, वाडीत यंदा पीक बरं आलंय. भाविका काहीच बोलत नाही याचा त्याने अर्थ लावला, की लाजते आहे. भाविका आणि लाजणं! पण प्रेमात पडलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गावाचे नंबर जोडायच्या आधी तो नमुना काढून टाकायला हवा होता. तो काढणारा कोड प्रतापने लिहून ठेवलाही होता, पण त्यात टॅब होते. भाविकाने तो अडवला. प्रतापने टॅब बदलायला साफ नकार दिला. दोघांच्या तत्त्वांत तो कोड लटकून राहिला, आणि गावात बैठक शनिवारी असल्यामुळे शुक्रवारी दुपारी आम्ही नमुना तसाच ठेवून गावाचे नंबर जोडले आणि दवंडी लाईव्ह केली.

आमचे चारही फोन एकदम वाजले. नेहमीचंच म्हणून कोणी बघितलं नाही. मग भाविकाचा फोन पुन्हा वाजला आणि वाजतच राहिला. हिराकाकूंचा होता. स्पीकर लावायची गरज नव्हती, त्यांचा आवाज कडीकोयंड्यातून बाहेर येतो.

"काय गो बाय, तू आमाला नाय सांगितला आन अख्ख्या गावाला सांगितला? लोक दारात हायत. मी हातातला मासा टाकून उठली."

"काय सांगितलं मी?"

"तुझा साखरपुडा! रविवारी! त्या माहीमच्या पोराबरोबर!"

भाविकाने फोन खाली ठेवला, आलेला संदेश उघडला आणि वाचला. पहिल्यांदाच वाचला. तिचा चेहरा उतरला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," हर्षित म्हणाला. "तू अप्रूव्ह केलंस ना?"

"मी स्पेस बघत होते!"

हर्षितने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?" एवढंच तो म्हणाला. मला त्याची भयंकर दया आली, आणि दोन कानाखाली द्याव्यात असंही वाटलं. मी दोन्ही गोष्टी आवरल्या.

"माझ्या बापाने माझ्या नावावर दारोदार नंबर मागितले," भाविका म्हणाली. तिचा आवाज फुटला. "आणि माझंच लग्न मला गावाकडून कळायचं? मला कोणी विचारायचं नाही?"

प्रतापने घसा साफ केला. "मी तरी म्हणत होतो, शुक्रवारी..."

"प्रताप," मी म्हटलं, "एक शब्द बोललास तर तुझ्या कीबोर्डवरचं टॅबचं बटण उपटून काढीन."

संदेश मागे घ्यायचा तर तसं बटण हवं. ते नव्हतं. गेले दोन महिने आमचा वाद चालला होता, की बटणावर 'रद्द करा' लिहायचं की 'मागे घ्या'. प्रतापचं म्हणणं, नाव ठरल्याशिवाय बटण बांधायचं नाही. नाव ठरलं नाही, बटण झालं नाही. दवंडी पिटून झाली की झाली, हे आमच्या आधी पूर्वीच्या लोकांना कळलं होतं.

मग एकच उपाय, दुसरा संदेश. प्रतापने लिहिलं, "तांत्रिक बिघाडामुळे साखरपुडा होणार नाही." भाविका त्याच्यावर खेकसली, "लोक म्हणतील, बिघाड पोरीत हाय!" मग हर्षितने मुकाट्याने लिहिलं, "मघाची सूचना खोटी. चूक सर्वस्वी माझी. भाविकाचा यात काही संबंध नाही. हर्षित, माहीम." आणि तिच्याकडे पाठवलं.

या वेळी तिने वाचलं. सावकाश, एकेक शब्द. "संबंध नाही" या दोन शब्दांवर ती बराच वेळ थांबली. एवढ्यात रामूकाकांचा फोन आला. ते फारसं बोलत नाहीत. म्हणाले, "पोरी, तुला विचारला का त्याने?"

"नाय बाबा."

"मग कसला साखरपुडा? आमी लोकांना सांगतो, घरी जा. तू जेवलीस काय?"

फोन ठेवून तिने डोळे पुसले, हर्षितचा संदेश नामंजूर केला आणि स्वतः लिहायला बसली. प्रताप मागून डोकावत होता. त्याला मी कॉलर धरून बाजूला केलं. तिने लिहिलं: "मघाची सूचना चुकून गेली. मुलाने मुलीला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मुलगी स्वतः कळवेल. भाविका."

नियमाप्रमाणे कोणीतरी अप्रूव्ह करायला हवं होतं. ती हर्षितकडे न बघता म्हणाली, "तू कर. वाचून कर." त्याने वाचलं आणि केलं. संदेश गावाला गेला.

नंतर त्या पोराचं जे काही झालं, ते शत्रूचंही होऊ नये. शनिवारच्या बैठकीत पाण्याचा विषय बाजूला राहिला आणि सगळे 'विचारलं का' यावर बोलले. रिक्षावाला विचारतो, "विचारलंस का?" एडवणमधून अनोळखी बायकांचे फोन. हिराकाकूंनी तर मलाच फोन लावला. "मॅडम, पोरगा बरा हाय ना? वाडीवाला हाय, चालंल आमाला. मासळी खाईल, पण त्याला साफ करता येते काय ते विचारा." मी म्हटलं, विचारते. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न कोणत्याच क्लायंटने मला केला नव्हता. सोमवारी जिन्यात वेल्डरने हर्षितला अडवलं, "भैया, पूछा क्या?"

"नही," हर्षित म्हणाला. "आज."

तो वर आला, कोणाशी न बोलता जागेवर बसला, आणि लिहायला लागला. थोड्या वेळाने भाविकाच्या पडद्यावर त्याचा बदल आला. एकच ओळ. नमुना संदेश काढून त्या जागी त्याने दुसरा घातला होता.

भाविकाने खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्याने वाचलं. बाजारातल्या आवाजात, खाली वेल्डिंग थांबेल इतक्या मोठ्याने. "भाविका, माझ्याशी लग्न करशील का? पुण्याला जायचं असेल तर मी येतो. इथे राहायचं असेल तर मी आहेच. नाही म्हणालीस तरी तुझ्या कोडचे रिव्ह्यू करत राहीन. मासळी साफ करायला शिकतोय."

मग तिच्या कपाळावर आठी पडली. ती पडद्याजवळ वाकली.

"हर्षित, ओळीच्या सुरुवातीला हे काय आहे? तू टॅब टाकलास?"

प्रताप खुर्चीतून उठला. मी डोळ्यांनीच त्याला बसवलं.

"हो," हर्षित म्हणाला. घाम फुटला होता, पण मान खाली गेली नाही. "टॅबच टाकला. मला टॅब आवडतो. पहिल्यापासून."

जन्मात पहिल्यांदा या माणसाने स्वतःचं मत सांगितलं होतं, आणि तेही नेमकं चुकीच्या वेळी. भाविका त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस ती त्याचा कोड बघत होती, त्या दिवशी त्याला बघितलं. तिने शेऱ्याच्या चौकटीत काहीतरी टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं, पुन्हा पुसलं. मग काही न लिहिता अप्रूव्ह केलं.

"वाचलंस ना नीट?" मी विचारलं. मला आता कशाचीच खात्री राहिली नव्हती.

"ताई, अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं," ती म्हणाली आणि गावाला कळवायला बसली. पुण्याला तिने नाही म्हणून कळवलं. ते हर्षितसाठी नाही, असं तिने मला तीनतीनदा बजावलं.

दवंडी आता चार गावांत चालते. गावाचे नंबर जोडले की नमुना आपोआप बंद होतो. प्रतापचा तो कोड शेवटी सगळ्या टॅबसकट पास झाला. पण आम्ही काही नवीन टेस्ट केलं की आजही आमचे चारही फोन एकदम वाजतात, आणि त्या नमुन्यात हर्षित भाविकाला पुन्हा तेच विचारत असतो. ती कामात असली तरी फोन उचलून पूर्ण वाचते. ओळीच्या आधीचा टॅब अजून तसाच आहे.